मदत हवी आहे: फुरसं (विषारी साप) चावलेल्या माणसाला कॅज्युअल्टीतून घरी पाठवलं, आता कागदही देत नाहीत

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या बाजूला. बाबा तिथे एकटेच असतात. मे महिन्याच्या शेवटी मी गेले होते. मिरगाच्या आधी गडगा सारखा करायचा म्हणून बाबा ढासळलेले चिरे उचलत होते, तेव्हा संध्याकाळी सव्वासहाला बोटाला चावलं. फुरसंच. वेटोळं करून, अंग घासून करकर आवाज करत होतं, आणि शेजारच्या दादाने मोबाईलवर फोटोही काढला. त्याच्याच गाडीने सातच्या सुमाराला एका खासगी हॉस्पिटलात पोचलो. नाव लिहीत नाही.

आधी डिपॉझिट. मग पन्नास मिनिटं बाकावर. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी बोट बघितलं, फोटो बघितलाच नाही, मोठ्या सरांना फोन लावला आणि म्हणाले, "कोरडा दंश दिसतोय," म्हणजे चावलं, पण विष सोडलं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन, दुखण्याचं एक कमरेत, गोळ्या, आणि घरी जा.

अकराच्या दरम्यान बाबा चूळ भरत होते, ती लाल. हिरड्यांतून रक्त. तसेच सरकारी रुग्णालयात नेलं. तिथे सिस्टरनी पहिलं काम काय केलं, तर काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि मला म्हणाल्या, "ताई, हिला हात लावू नका." घड्याळ लावून वीस मिनिटांनी नळी आडवी केली. रक्त गोठलंच नव्हतं, पाण्यासारखं पलीकडे गेलं. फुरशाचं विष भिनलं की असंच होतं. मग सर्पविषावरच्या लसीच्या १० कुप्या सलाईनमधून, सहा तासांनी परत तीच नळी. चार दिवसांनी घरी आणलं. आता बरे आहेत, फक्त कमरेत जिथे इंजेक्शन दिलं होतं तिथे वीतभर काळंनिळं झालं होतं, ते अजून पूर्ण गेलेलं नाही. तिथल्या डॉक्टरांनी ते बघून नुसती मान हलवली.

माझं म्हणणं असं नाही की त्यांनी लगेच लस द्यायला हवी होती. विष भिनल्याचं लक्षण नसताना ती देत नाहीत, हे आता मलाही कळलंय. पण एक नळी आणि वीस मिनिटं! निदान २४ तास ठेवून तरी घ्यायचं. वीस मिनिटांहून जास्त वेळ तर आम्ही बाकावरच काढला होता.

आता अडलंय ते इथे. कॅज्युअल्टीत काय लिहिलं, किती वाजता तपासलं, कोणतं इंजेक्शन दिलं, त्याची प्रत मागितली. काउंटरवर सांगतात, "पेशंट ॲडमिटच नव्हता, मग फाईल कुठली?" माझ्याकडे फक्त बिल आहे, त्यावर 'इंजेक्शन चार्जेस' एवढंच. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असं आहे, पण तीन वर्षं रेकॉर्ड ठेवायचं कलम भरती झालेल्या पेशंटांपुरतं लिहिलंय. मग कॅज्युअल्टीतला माणूस कशात मोडतो? कुणी असे कागद मिळवलेत का? लेखी अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवायचा की समोर जाऊन पोच घ्यायची? आणि तक्रार आधी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करावी की थेट ग्राहक आयोगात? तिथे दोन वर्षांची मुदत आहे, म्हणजे घाई नाही, पण रजिस्टरची पानं तोवर राहतील याची खात्री वाटत नाही.

बाबांचा विरोध आहे, तोही सांगते. "उद्या रात्री-अपरात्री परत त्याच दारात जायचंय, कशाला वैर?" त्यांचं चुकतं असं मला छातीठोक म्हणता येत नाही. म्हणून पैशांचं सध्या बाजूला ठेवलंय, आधी तो कागद हातात हवा. अर्जाचा मराठी नमुना कुणाकडे असेल तर कृपया इथेच टाका, सोमवारी परत गावी जातेय.