आमवातात मासे बंद करायचे का? पोटातल्या जिवाणूंचा संबंध काय?

मालवणची सून:
सासूबाईंना आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) निघालाय. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या त्याच्या दोन्ही रक्ततपासण्या पॉझिटिव्ह. सकाळी बोटं इतकी धरतात की खोबरं खवता येत नाही. गोळ्या सुरू आहेत. पण येणारा-जाणारा पथ्य सांगून जातो: मासे बंद, कोकम बंद, कुळीथ वातूळ. आता त्या मऊ भात नि चहा-बिस्किटावर आल्यात, अंगावरची कापडं सैल झालीत. आणि हा आजार पोटातल्या जिवाणूंमुळे होतो असंही वाचलं. खरं काय धरू?

वेंगुर्लेकरीण:
ताई, आधी त्यांचं ताट परत भरा. मी स्वतः या आजाराची, म्हणून कळकळीने सांगते.

जिवाणूंचं म्हणणं हवेतलं नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना नुकताच आजार निघालेल्या, औषध सुरू न केलेल्या रुग्णांपैकी ७५ टक्के जणांच्या आतड्यात प्रिव्होटेला कोप्री हा जिवाणू सापडला; निरोगी माणसांत तो २१ टक्के जणांतच होता. पण तेवढ्यावरून त्याला गुन्हेगार ठरवू नका. भात-भाकरी-डाळ खाणाऱ्या आपल्या लोकांच्या पोटात प्रिव्होटेला मुळातच भरपूर, आणि बहुतेकांचे सांधे ठणठणीत.

नाचणी, कुळीथ, भाज्यांतला चोथा आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो खातात आणि ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. त्यांनी आतड्याचं अस्तर धड राहतं, प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींना बळ मिळतं. बिस्किटात या जिवाणूंना काय मिळणार? कुळथाची पिठी कशाला तोडली त्यांची!

आणि मासे तर हवेतच. बांगडा, तारली, पेडवे यांत ओमेगा-३ हे सूज कमी करणारं माशाचं तेल असतं. चाचण्यांत ते रोज ३ ग्रॅमच्या आसपास घेणाऱ्यांना वेदनाशामक गोळ्या कमी लागल्या. तेवढं नुसत्या जेवणातून येणार नाही, म्हणून मासे हे औषधाला पर्याय नव्हेत. पण बंद का करायचे? तळू नका, तिरफळं घालून तिखलं करा.

रत्नागिरी, औषधाचं दुकान:
गोळी मेथोट्रेक्सेट (आमवाताचं नेहमीचं औषध) असेल तर आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी. चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. पाकिटावर वार लिहून ठेवा. सल्फासालाझिन हे दुसरं औषध असेल तर गंमत बघा, ती गोळी आतड्यातले जिवाणूच फोडतात. स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ यांनी ती आमवातासाठीच पुढे आणली.

देवगडकर:
युरिक अ‍ॅसिड तपासलंय ना? आमच्या बाबांना गाऊट आहे, म्हणजे युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे सुजतात, त्यांना डॉक्टरांनीच तारली नि तिसऱ्या कमी करायला सांगितल्या. तो आजार वेगळा. त्याचंच पथ्य लोक तुमच्याकडे सांगत असतील.

मालवणची सून:
युरिक अ‍ॅसिड नॉर्मल आहे. गोळी मेथोट्रेक्सेटच, रविवारची; वार आत्ताच लिहिला. उद्या बांगडे आणते. सोलकढी देऊ का?

वेंगुर्लेकरीण:
द्या की. आंबटाने आमवात वाढतो याला पुरावा नाही. गोळीच्या दिवशी जळजळ होत असेल तर तेवढ्यापुरती टाळा, आणि वजनाचं डॉक्टरांच्या कानावर घाला.