आपली गोष्ट माइकवर सांगताना त्यातल्या बाकीच्यांना विचारलं का?

तिसरी_रांग
परवा इथे एकांनी लिहिलं, "ज्याने दारू सोडली त्याने आपली कहाणी चारचौघांत सांगितलीच पाहिजे. लपवतो तो अजून बरा झालेला नाही." खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. मला रात्री दोनपर्यंत झोप आली नाही, म्हणून वेगळा धागा काढते.

माझे बाबा अकरा वर्षं सोबर आहेत. आठवड्यातून तीनदा ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या गटाच्या, सभेला जातात. त्या खोलीत ते काय शेअर करतात हे आम्ही कधी विचारलं नाही, विचारणारही नाही. पण गेल्या गणपतीत मंडळाने त्यांना व्यसनमुक्तीवर बोलायला बोलावलं आणि त्यांनी सगळं सांगितलं. बायकोचं मंगळसूत्र विकून प्यायलो, तिला जिन्यावरून ढकललं, पोरगी दहावीचे पेपर देत होती तेव्हा मी रस्त्याकडेला पडलो होतो. टाळ्या, शाल, नारळ. आई तिसऱ्या रांगेत खालच्या मजल्यावरच्या काकूंशेजारी बसली होती. "जिन्यात पाय घसरला" असं इतकी वर्षं तिने ज्यांना सांगितलं, त्याच काकू.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, मोकळं वाटलं. आई पुढचे आठ दिवस दूध आणायलासुद्धा खाली उतरली नाही.

फक्त_आज
ताई, ते वाक्य माझं नाही, पण बाजू मी त्याचीच घेणार.

२००९ चा जानेवारी. दादरला एका शाळेचा वर्ग, पहिलीच्या बाकात गुडघे मावत नव्हते. हात इतके थरथरत होते की चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. समोर एक गाडी दुरुस्त करणारा माणूस सांगत होता, मी क्वार्टर फ्लशच्या टाकीत लपवायचो, थंडही राहायची. माझीही तिथेच असायची! मला वाटत होतं हे जगात फक्त मलाच सुचलंय. बायको, आई, डॉक्टर, सगळ्यांनी सात वर्षं समजावलं. उपयोग झाला त्या टाकीचा.

ए.ए. सुरूच असं झालं. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रनमध्ये न्यूयॉर्कचा एक दारूडा दलाल एका दारूड्या सर्जनला भेटला. सर्जन पंधरा मिनिटंच देणार होता, बसला सहा तास. कारण समोरचा उपदेश करत नव्हता, स्वतःचं सांगत होता. तुमच्या त्या मंडपात मागे उभा असलेला एखादा पोरगा दुसऱ्या दिवशी सभेला गेला नसेल कशावरून?

अकरावी_परंपरा
वर्गातली सभा आणि गणपतीचा मंडप तुम्ही एकाच मापाने मोजताय. सभेत आडनाव नसतं, ऐकलेलं तिथेच राहतं. ए.ए.च्या बारा परंपरांतल्या अकराव्या परंपरेत वृत्तपत्र, रेडिओ, चित्रपट इथे अनामिक राहा असं स्पष्ट म्हटलंय. अख्खी सोसायटी नावानिशी ओळखते तिथे कसली अनामिकता? हल्ली तर लोक सोबर बर्थडेचे, म्हणजे दारू सोडल्याच्या वाढदिवसाचे, व्हिडिओ टाकतात, केक-बिक. दोन महिन्यांनी स्लिप झाली, म्हणजे परत प्यायला, की तोच व्हिडिओ लोक त्याच्या तोंडावर फेकतात. माझ्या स्पॉन्सीचं, म्हणजे ए.ए.त ज्याची जबाबदारी माझ्यावर होती त्याचं, हेच झालं. तो परत आलाच नाही.

चांदा_ते_चिमूर
मले एक सांगा, गोष्टी सांगून किती दारू बंद झाली? आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी आली. ती भाषणानं नाही आली. २०१० साली बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या, माझी आई होती त्यात. पाय सुजून आले होते. तेव्हा कुठे जाऊन झालं. आणि २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळानं एका बैठकीत उठवली. गडचिरोलीत १९९३ पासून आहे, तिथली का नाही उठवत?

भद्रावती_बायपास
दादा, बंदी तुमच्या कागदावर होती. आमच्या गल्लीत रात्री अकरालाही घरपोच मिळत होती, दुप्पट भावाने. माझ्या मावसभावाचे डोळे बनावट दारूने गेले, बंदीच्याच काळात. पोरं पोती वाहून पैसे कमवायला लागली, शाळा सुटली. बंदी उठली तेव्हा मी पेढे वाटले नाहीत, पण रडलोही नाही.

चांदा_ते_चिमूर
अंमलबजावणी केली नाही हा सरकारचा गुन्हा. त्यासाठी कायदाच वाईट? उद्या चोऱ्या थांबत नाहीत म्हणून चोरीचा कायदा काढाल काय? तुमच्यासारख्यांमुळेच उठली.

भद्रावती_बायपास
"तुमच्यासारख्यांमुळे" म्हणजे? आंधळ्या भावाला दवाखान्यात मी नेतो. तोंड सांभाळून लिहा.

आडवी_बाटली
दोघेही थांबा. आमच्या गावात आम्ही मतदानाने दुकान बंद केलं. नुसतं बहुमत चालत नाही, एकूण मतदारांत निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हाला, पडावी लागतात. मुंबईला गेलेल्यांनाही आणावं लागतं. आणि चांदावाले भाऊ, गोष्टींनी काही होत नाही हे खोटं. मतदानाआधी दोन महिने आम्ही रोज एका ओसरीवर जमायचो. पहिल्या आठवड्यात कोणी बोलेना. मग एकीने पाठ दाखवली. त्यानंतर सगळ्या बोलल्या. पण तिथे पुरुष नव्हता, माइक नव्हता.

चांदा_ते_चिमूर
हे मान्य. आईही सांगायची, चालताना रात्री मुक्कामाला बाया एकमेकींना सांगत. तरी बंदीचा मुद्दा सोडत नाही मी.

सहचारिणी_६२
मी बायकोच्या बाजूने लिहिते, कारण इथे सगळे पिणाऱ्याचंच बोलतायत. यजमानांचे पाच सत्कार झाले. आमच्यासाठी, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी, अल-अनॉन आहे, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांचा गट आहे, तिथे मी पहिल्यांदा तोंड उघडलं. तीन वर्षं गेले, दोन वर्षं नुसती ऐकत होते. जबरदस्ती कोणी केली नाही. "सांगितलंच पाहिजे" म्हणणाऱ्यांना मला एवढंच म्हणायचंय, की कधी सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवू द्या. आणि तिसरी_रांग, तूही इथे आईची गोष्ट सांगितलीस. तिला विचारलंस का?

फक्त_आज
ए.ए.च्या बारा पायऱ्यांतली नववी पायरी मी दर आठवड्याला वाचतो. ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करा, पण त्यांना किंवा इतरांना इजा होणार असेल तिथे नको. मंडपात ती पाळली गेली नाही, एवढं कबूल करतो. एवढंच. तुमच्या बाबांनी गप्प बसावं हे मी कधीच म्हणणार नाही. गप्प बसलेले माझे चार मित्र गेले.

तिसरी_रांग
सहचारिणीताई, नव्हतं विचारलं. तुमचं वाचून तोंड उतरलं माझं. आज सकाळी आईला सगळा धागा वाचून दाखवला आणि विचारलं, काढून टाकू का? ती शेंगा सोलत होती. म्हणाली, राहू दे, नाव नाहीये ना कुठे.

मग म्हणाली, ते मंगळसूत्र त्यांनी विकलं नाही. मीच मोडलं, तुझ्या अकरावीच्या फीसाठी. त्या वर्षाचं त्यांना काहीच आठवत नाही, म्हणून त्यांना वाटतं आपणच विकलं. अकरा वर्षं तेच सांगतात.

मी म्हटलं, मग सांगत का नाहीस त्यांना? तर म्हणाली, त्या मंगळसूत्रावरच तर त्यांनी सोडली. शुद्धीत आल्यावर माझा मोकळा गळा पाहिला आणि स्वतःहून उठून सभेला गेले. आता कशाला सांगू?

यंदाही मंडळाचा निरोप आलाय. बाबा कागदावर मुद्दे काढतायत.