मदत हवी आहे : डच जोडशब्दाचा सांधा कसा ओळखावा?

मी नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे वर्षभर डच शिकत असून ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याच्या नियमांपाशी अडलो आहे. साध्या शब्दात दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या अवयवात (उच्चाराच्या तुकड्यात) जाते, म्हणून 'माकेन' (करणे) हा 'मा-केन' असा तुटतो. सामासिक शब्दात मात्र दोन पदांच्या सांध्यापलीकडे व्यंजन नेता येत नाही. 'आव्हॉन्ड' (संध्याकाळ) आणि 'एटेन' (जेवण) यांचा समास झाल्यावर 'ड' पुढे सरकत नाही, उलट पहिल्या पदाच्या शेवटी राहिल्यामुळे त्याचा उच्चार 'ट' होतो.

समासाची घडण मला परकी वाटत नाही. 'देव' पुल्लिंगी असूनही 'देवघर' नपुंसकलिंगी असते, तसेच 'स्टाट' (शहर) या शब्दाला 'दे' (नपुंसकलिंगी नसलेल्या नामाचे उपपद) लागत असले तरी 'स्टाटहाउस' (नगरभवन) हा शब्द 'हाउस'मुळे (घर) 'हेट' हे नपुंसकलिंगी उपपद घेतो.

अडचण अनोळखी शब्दांची आहे, कारण सगळी पदे सलग लिहिली जातात. 'क्वार्टस्लाखेन' हा शब्द 'क्वार्ट-स्लाखेन' असा तोडला तर पाव वळणे, आणि 'क्वार्ट्स-लाखेन' असा तोडला तर क्वार्ट्झचे थर. 'व्हाल्काउल' म्हणजे सापळ्याचा खड्डा ('व्हाल-काउल'), पण मी तो 'व्हाल्क-आउल' असा वाचून ससाणा आणि घुबड यांच्या मधला कोणी पक्षी समजलो होतो.

शिवाय 'स्टाशॉन' (स्थानक) आणि 'स्ट्राट' (रस्ता) यांच्या समासात 'स' एकदा लिहावा की दोनदा, हे ऐकून कळत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

'स'चा प्रश्न आधी घेतो, कारण त्याला नेमके उत्तर आहे. तेच पहिले पद 'स'ने सुरू न होणाऱ्या शब्दाला जोडून पाहावे. 'स्टाशॉन्सप्लेइन' (स्थानकाचा चौक) यात जोड-'स' स्पष्ट ऐकू येतो, म्हणून रस्त्याच्या नावातही दोन 'स' लिहावेत. हा जोड-'स' पहिल्या पदाचा मानला जातो, तेव्हा शब्द त्याच्यानंतर तोडावा. 'पानेनकूक' (तव्यावरचा गोड पोळा) या शब्दातल्या मधल्या 'न'बाबत मात्र कानावर विसंबू नये, कारण बहुतेक लोक तो उच्चारतच नाहीत आणि १९९५ च्या शुद्धलेखन सुधारणेपूर्वी तो लिहिलाही जात नसे.

सांध्यासाठी बिनचूक नियम नाही. मुख्य अर्थ शेवटच्या पदात असल्यामुळे मी शब्द उजवीकडून वाचतो आणि ओळखीचे नाम सापडले की उरलेल्या भागाला अर्थ लागतो का ते पाहतो. 'क्वार्टस्लाखेन'सारख्या ठिकाणी दोन्ही वाचने बरोबरच असतात, तिथे वाक्याचा संदर्भच पाहावा लागतो.