व्यावसायिक शिक्षणाने समावेश होतो की वेगळी रांग लागते?

कुतूहल: जिथे तिथे वाचतो की ट्रेड शिकवला की शाळा सुटलेली पोरं, दिव्यांग, स्थलांतरित सगळे मुख्य प्रवाहात येतात. मला तर उलटंच दिसतं, मार्क कमी पडले की तिकडे ढकला, झाली जबाबदारी पूर्ण. कोणी नीट सांगेल का?

लेथवाला: ढकलतात हे खरंय, पण ती रांग पुढे कुठे जाते तेही बघा ना. जर्मनीत अप्रेंटिस आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि उरलेले शाळेत असतो, आणि शिकत असतानाच हातात पैसे येतात, ज्याच्या घरी शिक्षणाला पैसा नाही त्याला याचंच मोल जास्त. अर्थात तिथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी होते, हे मला अजिबात पटत नाही. फिनलंडचं बरंय, ट्रेड करूनही युनिव्हर्सिटीला अर्ज करता येतो.

गवंडीकाम: आणि ज्यांना काम आधीच येतं त्यांचं काय? माणूस वर्षानुवर्षं भिंती ओळंब्यात उभ्या करतोय पण कागद नाही म्हणून कागदोपत्री कायम हेल्पर. अशांना परत पहिल्या धड्यापासून बसवू नका, काम करायला लावा, तपासा, सर्टिफिकेट द्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००४ च्या शिफारशीत हेच म्हटलंय, कौशल्य कुठेही शिकलेलं असो, मान्यता द्या.

टाचणी: २००६ च्या यूएनच्या दिव्यांग हक्क करारात व्यावसायिक प्रशिक्षण भेदभावाशिवाय आणि गरजेच्या सोयींसकट द्या असं आहे. सोयी म्हणजे काय, तर वर्कबेंच व्हीलचेअरवरून हात पोचेल इतकं खाली, आणि ऐकू न येणाऱ्यासाठी भोंग्यासोबत लाइट. एवढंही नसतं बऱ्याच ठिकाणी. बायकांचं तर विचारूच नका, वेल्डिंगला प्रवेश देतात आणि वर्कशॉपजवळ लेडीज टॉयलेट नाही, मग पुन्हा शिवणकाम आणि पार्लर आहेच.

कुतूहल: @लेथवाला, पण कंपनीच अप्रेंटिस निवडणार आणि ती आडनाव बघून निवडत असेल तर?

लेथवाला: तिथेच तर गाडी अडते. ऑस्ट्रियात ज्या तरुणांना कंपनी मिळत नाही त्यांना सरकारी खर्चाने कंपनीबाहेरच्या वर्कशॉपमध्ये तीच अप्रेंटिसशिप करता येते, शेवटची परीक्षाही तीच. निवडीतला भेदभाव त्याने जात नाही, पण पोरगं घरी तरी बसत नाही.