थंड हवेतली शार्डोने आणि पिनो: चव येते कुठून?

दिंडोरीकर: नमस्कार मंडळी. दिंडोरीजवळच्या एका वायनरीत सहा वर्षं सेलरचं काम करतोय. मार्चमध्ये हंगामासाठी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर निघालोय. आमच्याकडे शार्डोने या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाची साखर २३ ब्रिक्सवर (रसातल्या साखरेचं माप) जाईस्तोवर आंबटपणा गेलेला असतो, मग वरून टार्टरिक आम्ल घालावं लागतं. पिनो न्वार हे लाल वाईनचं द्राक्ष तर आमच्या भागात फारशी कुणी लावतच नाही. तिकडे कमी उन्हात एवढी चव कशी येते?

निफाडची_वेल: दादा, मी टास्मानियातच पाइपर्स रिव्हर भागात आहे, नववा हंगाम. आपण सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी करतो आणि माल पिकतो तो ऊन रोज चढत असताना. इथं मण्यात पाणी उतरतं फेब्रुवारीत, तोडणी मार्च-एप्रिलात, म्हणजे दिवस लहान आणि गार होत असताना. खरी गोम ही आहे. उष्ण हवेत मणी स्वतःचं मॅलिक आम्ल जाळून टाकतो, गार हवेत ते टिकतं. साखर सावकाश चढते, तेवढ्यात साल आणि बी पिकून घेतात.

म्हणून तोडणीच्या आठवड्यात मी रोज सकाळी ओळीतून फिरते. मणी दाबायचा, बी दातांखाली फोडायची. हिरवी बी जिभेला तुरट लागते. तपकिरी झालेली कडकन तुटते आणि भाजल्यासारखी लागते. साखरेचं मीटर मी त्यानंतर काढते.

शार्डोनेचे अख्खे घड हलके दाबतो. रस थोडा गढूळ ठेवूनच जुन्या फ्रेंच ओकच्या पिपात आंबायला सोडतो, नंतर दहाएक महिने तळाला बसलेल्या यीस्टच्या गाळावरच. मॅलिक जास्त असलं तर जिवाणूंकरवी त्याचं सौम्य लॅक्टिक आम्ल होऊ देतो, पण सगळं नाही. चाखत राहायचं आणि धार बोथट व्हायच्या आत थंड करून, सल्फर देऊन थांबवायचं.

पिनोची साल पातळ, रंग मुळातच कमी. तिसऱ्या हंगामात मी रंगाच्या मागे लागून टाकीत वर तरंगून आलेली सालं दिवसातून चार वेळा खाली दाबत होते. रंग तेवढाच राहिला, बियांचा कडूपणा मात्र उतरला. त्या टाकीचं मला आजही वाईट वाटतं. आता आंबण्याआधी चार-पाच दिवस गार भिजवते, मग दिवसातून दोनदाच दाबते, हलक्या हाताने.

ओंटारिओतून: ताईंचं पटलं. पण थंडीची दुसरी बाजूही सांगतो. आमच्याकडे कॅनडात, ओंटारिओच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत हिवाळ्यात वेल मरू नये म्हणून काड्या जमिनीलगत बांधून मातीखाली झाकतात आणि वसंतात उकरतात. यातलं बरंचसं काम हातानं, मजुरीचा खर्च मोठा. ही वाईन स्वस्तात होत नाही.

दिंडोरीकर: ताई, भुरी-डावणी या बुरशीच्या रोगांचं काय? आणि पिनो देठांसकट टाकतात म्हणे, ते कधी?

निफाडची_वेल: दोन्ही आहेत, शिवाय तोडणीच्या तोंडावर पाऊस आला की बोट्रायटिस बुरशीची कुज. पिनोचा घड गच्च असतो, आतला मणी कुजला तरी बाहेरून कळत नाही. म्हणून घडाजवळची पानं काढतो, पण सकाळच्या उन्हाच्या बाजूचीच. इथं सूर्य उत्तरेकडून फिरतो हे ध्यानात ठेवा, पहिला आठवडा तुमची दिशा चुकेल.

देठांचं म्हणाल तर चावून बघा. हिरवा, रसरशीत लागला तर सगळे देठ काढा. लाकडासारखा सुका झाला असेल तर एक चतुर्थांश घड तसेच टाकीच्या तळाशी घाला. आल्यावर कळवा, एका टाकीचे दोन भाग करून दाखवते.