बंद घर म्हणजे सोडलेलं घर नव्हे

उंबरठा
"भाडेकरू पळाला? चावीवाला बोलवा, सामान भंगारात द्या, आठवड्यात नवा आणा. घर तुमचं, भीती कसली?" ही रोखठोक यांची कालची पोस्ट आणि खाली टाळ्याच टाळ्या. राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मी हेच केलं होतं. तीन महिने भाडं नाही, फोन बंद, दाराच्या फटीत बिलं कोंबलेली. शेजारी म्हणाले, गेला तो. कुलूप तोडलं. वीज कधीच कापलेली. फ्रिज जेमतेम उघडला आणि नाक धरून बाहेर पळाले. पण खुंटीला इस्त्रीचे दोन शर्ट होते, उशाशी बीपीच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट आणि चष्मा. चष्मा टाकून कोण पळतं? तिथेच थांबायला हवं होतं. नाही थांबले. बावीस दिवसांनी त्याचा भाऊ दारात उभा. माणूस पक्षाघाताने इस्पितळात, वाचा गेलेली. सामान भंगारवाल्याने नेलेलं. भाऊ म्हणतो, त्यात मूळ प्रमाणपत्रं होती. नव्हती हे मी कशावर सिद्ध करू? यादी नाही, फोटो नाही, साक्षीदार नाही.

रोखठोक
तुमच्या वाट्याला एक आजारी आला म्हणून सगळे पळपुटे आजारी होत नाहीत. माझा जाताना पंखे, गीझर आणि न्हाणीघरातला नळसुद्धा काढून घेऊन गेला. नळाच्या जागी चिंधी कोंबलेली! बँक हप्ता थांबवते का, भाडेकरू सापडेपर्यंत?

काळा कोट
मालकी वेगळी, ताबा वेगळा. हे आमच्या अशिलांच्याही डोक्यात शिरत नाही. 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम 6 वाचा. मर्जीविरुद्ध, कायद्याची वाट सोडून बाहेर काढलं तर माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. 'पण घर माझं आहे' ही सबब तिथे चालत नाही.

रोखठोक
म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. परदेशात असली थेरं नसतील.

काळा कोट
असतात. कॅलिफोर्नियात आधी सलग 14 दिवस भाडं थकलेलं हवं, मग 'घर सोडलंत असं वाटतं' अशी नोटीस. हाती दिली तर किमान 15 दिवस थांबायचं, टपालाने पाठवली तर 18. इंग्लंडात 1977 च्या कायद्याने बेकायदा बाहेर काढणं फौजदारी गुन्हा आहे. तो माणूस तिथे राहत नाही असं मानायला सबळ कारण होतं, हा बचाव मालकाला आहे. पण सिद्ध त्यानेच करायचं.

तुम्ही इथे एवढं करा: नोटीस दारावर लावा, करारातल्या जुन्या पत्त्यावर पाठवा, नोकरीच्या ठिकाणी विचारा. विजेच्या मीटरचं रीडिंग आठवड्याच्या अंतराने टिपा. पोलिसांत अर्ज द्या.

रोखठोक
दिला होता. 'दिवाणी बाब आहे' म्हणून हात वर.

काळा कोट
पोच घेतलीत का? अर्ज त्यांनी धावून यावं म्हणून नसतो. तुम्ही चोरून काही केलं नाही, एवढं दाखवायला असतो.

कायमचा भाडोत्री
लोक पळतात का, ते कोणी विचारत नाही. डिपॉझिट परत मिळणार नाही हे माहीत असतं म्हणून शेवटचे दोन महिने भाडं बुडवून जातात. सहा घरं बदलली, चार वेळा 'रंगकामाचे' पैसे कापले. एका घरात शिरतानाच भिंतीवर ओलीचा मोठा डाग होता. निघताना त्याचे पैसे माझ्याकडून घेतले. पुढच्या भाडेकरूशी ओळख निघाली, त्याने फोटो पाठवला. डाग तसाच, फक्त अंगाने भरलाय.

तिसरी खोली
आणि भिंतीची चाळणी करता त्याचं काय? चौदा खिळे मोजलेत मी एका खोलीत.

कायमचा भाडोत्री
घड्याळ कुठे लावायचं, कपाळावर?

तिसरी खोली
चौदा घड्याळं?

काळा कोट
रोजच्या वापराची झीज मालकाची, नुकसान भाडेकरूचं. खिळ्यांवर भांडू नका. शिरतानाचे फोटो दोघांच्या सहीने जोडा.

रोखठोक
विषय रंगाचा नाही! (आणि रंग दर वेळी काढावाच लागतो, फुकट होत नाही.)

कायमचा भाडोत्री
निघालं पोटातलं ओठावर. तुम्ही तरी खरंच काढता, की नुसतेच कापता?

रोखठोक
तोंड सांभाळून. सात वर्षं एकाच कुटुंबाला ठेवलंय, एक रुपया वाढवला नव्हता.

उंबरठा
भिंती सोडा हो. माझा प्रश्न सामानाचा आहे. कोणी आलंच नसतं तर?

काळा कोट
तरी ते आपोआप तुमचं होत नाही. नात्यातले नसलेले दोन साक्षीदार घेऊन यादी करा, व्हिडिओ मधेच न थांबवता काढा, कागदपत्रं आणि दागिने वेगळे सीलबंद ठेवा. न्यायला मुदत लेखी कळवा. थकलेल्या भाड्यापोटी परस्पर विकू नका. आणि माणूस वारला असेल तर वारसाची खातरजमा झाल्याशिवाय कोणाच्या हाती काही देऊ नका. 'मी पुतण्या' म्हणत येणारे बरेच असतात.

रोखठोक
बरं बाबा. पुढच्या वेळी व्हिडिओ काढून कुलूप तोडीन. झालं समाधान?

काळा कोट
नोटीस आधी. आणि परस्पर तोडायचं नाहीच. भाडेकरू घर सोडल्याचं लिहून देत नसेल तर कोर्टाचा आदेश घ्या.

रोखठोक
आणि तुमची फी? तेवढं डिपॉझिट ठेवलं नव्हतं त्याने.

कायमचा भाडोत्री
ठेवलं असेल हो. रंगात गेलं असेल.