अनुभव धागा: हातातले काम बदलले तेव्हा

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात नवी संगणकप्रणाली आली आणि माझा बावीस वर्षांचा अनुभव एका आठवड्यात मोडीत निघाल्यासारखे वाटले. ज्यांच्या हातातले काम असे बदलले त्यांनी नेमके काय केले, कोणाकडून शिकले, हे येथे लिहावे. जमले नसेल तर तेही अवश्य लिहावे. सुविचारांची सोय इतरत्र आहे.

जुना जुळारी

१९७९ साली पुण्यातील एका छापखान्यात मी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरे, जुळवण्याच्या कामाला लागलो. डाव्या हातात स्टिक (ओळ रचण्याची धातूची पट्टी) धरायची, समोरच्या केसमधून (खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून) एकेक खिळा उचलायचा आणि उलट्या अक्षरांची ओळ रचत जायचे, असे ते काम होते. नव्वदच्या दशकात डीटीपी, म्हणजे संगणकावर पाने रचण्याची पद्धत, आली, मालकांनी शिशाचे खिळे वजनावर विकले आणि मला संगणकासमोर बसवले. शिकवणारा मुलगा माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असल्यामुळे पहिले दोन महिने मी त्याला काही विचारलेच नाही. परिणामी, पेजमेकर या पाने रचण्याच्या प्रणालीत मी प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारत असे आणि स्तंभाची रुंदी बदलली की सारा मजकूर विस्कटत असे. शेवटी त्यानेच, जराही न हसता, "काका, ओळ आपण तोडायची नाही, ती आपोआप तुटते," असे सांगितले. स्टिक भरली की ओळ संपवायची, ही माझ्या हाताची सवय होती. ती त्याला कशी कळणार आणि मी न बोलता त्याने ओळखावी तरी कशी? त्या दिवसापासून मी विचारू लागलो.

पुढे युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत, आल्यावर जुन्या फॉन्टमधील मजकूर रूपांतरित करताना ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसत. तरुण मंडळींच्या नजरेतून ते सुटे, मला मात्र लगेच खुपे. आजही मी मुद्रितशोधन करतो आणि त्याचे पैसेही बरे मिळतात.

लेजरवाली

धागा काढणाऱ्या ताई, मी १९८४ पासून बँकेत लिपिक होते. संगणकीकरणाच्या विरोधात काळी फीत लावून मीही उभी राहिले होते आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही, कारण नोकऱ्यांची भीती खरी होती. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा तिचा अर्ज भरून मी आठ दिवस पर्समध्ये बाळगला होता. दिला नाही, त्यामागे धैर्य वगैरे काही नव्हते. घराचे हप्ते बाकी होते.

बचत खात्यावरील व्याज त्या काळी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर मिळत असे आणि ते आम्ही हाताने काढत असू. ते कौशल्य गेले ते गेलेच. ताळेबंद जुळेना की फरकाला नऊने भाग जातो का, हे आधी पाहायचे, आणि जात असेल तर कोणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिले असण्याचा संभव धरून शोध घ्यायचा, ही जुन्या हेडक्लार्कनी शिकवलेली युक्ती मात्र पुढेही उपयोगी पडली. एकदा एका नोंदीत ₹२७० चा फरक होता आणि सारी शाखा प्रणालीला दोष देत होती. मी कागदी व्हाउचरांचा गठ्ठा मागवला. वीस मिनिटांत ₹१,८५० च्या जागी ₹१,५८० अशी नोंद सापडली. त्यानंतर शाखेतील मुले मला शंका विचारू लागली आणि मीही त्यांच्याकडून एक्सेल शिकले.

गिरणगावची मुलगी

वरचे दोन्ही अनुभव वाचून आनंद झाला, परंतु दुसरी बाजूही नोंदवते. माझे वडील मुंबईच्या कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. त्यांना कोणी संगणकासमोर बसवले नाही, शिकवणारा मुलगाही भेटला नाही. आईने खानावळ चालवली, वडिलांनी रात्री वॉचमनकी आणि सकाळी भाजीविक्री केली. त्यांची जिद्द कमी पडली असे कोणी म्हटले की मला राग येतो. जिद्द भरपूर होती, खातेच बंद झाले होते. म्हणून मी स्वतः नोकरीला लागल्यापासून सहा महिन्यांचा पगार बाजूला ठेवते आणि तो मोडायचा नाही, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

ताण्याचा, म्हणजे कापडातला उभा, धागा तुटला की साचा (माग) थांबवून क्षणात गाठ मारायची, हे त्यांचे काम होते. मेथीच्या जुड्यांना सुतळी बांधतानाही त्यांची बोटे तीच गाठ मारीत, आणि गिऱ्हाइकांना ती सोडवता येत नसे.